तटावर पहारा, सभेत जागा नाही: मध्ययुगीन जर्मन शहरांतले ज्यू

मध्ययुगीन युरोपातला ज्यू म्हटलं की डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात: रात्री कुलूप लागणारी गल्ली आणि व्याजबट्ट्यावर जगणारा सावकार. कुलूपबंद गल्ली तर फारच उशिराची. फ्रँकफुर्टची ज्यू गल्ली १४६२ ची, व्हेनिसचा गेटो, म्हणजे ज्यूंना सक्तीने राहावी लागणारी बंदिस्त वस्ती, १५१६ चा. त्याआधी शेकडो वर्षं श्पायर, वर्म्स, माइन्त्स, कोलोन या ऱ्हाईनकाठच्या शहरांत ज्यू कुटुंबं घरं खरेदी करत होती, त्यांच्या व्यवहारांची नोंद शहराच्या दप्तरात होत होती, तटाचा काही भाग त्यांच्या पहाऱ्यात होता आणि शहराला मिळालेल्या जकातमाफीत त्यांचा वाटा होता.

मग ते नागरिक होते का? शहराच्या ज्या कामाला माप लावता येतं, म्हणजे भिंत, पहारा, कर, घराचा व्यवहार, त्या प्रत्येक कामात त्यांचा वाटा ठरलेला होता. निर्णय जिथे होत त्या सभेत त्यांना जागा नव्हती. आणि त्यांच्या जिवाची हमी शहरवासीयांनी घेतलेली नव्हती. ती वरच्या धन्याकडे होती, कुठे बिशप, कुठे सम्राट. ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे घात तिथेच झाले.

श्पायरची सनद, कलमाकलमाने

१३ सप्टेंबर १०८४ रोजी श्पायरचा बिशप र्‍युडिगर हुत्समान याने ज्यूंना सनद दिली. कारण त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे: या खेड्याचं शहर करायचं आहे, आणि इथे ज्यू आणून वसवले तर गावाचा मान हजार पटींनी वाढेल. औदार्याची भाषा असली तरी हा पेठ वसवणाऱ्याचा हिशेब आहे. शेजारच्या माइन्त्समध्ये त्याच सुमारास आग लागली होती आणि तिथले काही ज्यू नवी जागा शोधत होते. म्हणजे एका बाजूला गरजू व्यापारी, दुसऱ्या बाजूला व्यापारी हवे असलेला धनी. सनदेतली कलमं वाचताना हा सौदा विसरायचा नाही.

पहिलं कलम जागेचं. वस्ती इतर नागरिकांच्या घरांपासून बाजूला, आणि दांडगट गर्दीचा उपद्रव होऊ नये म्हणून तिला भिंत. ही भिंत आणि साडेतीनशे-चारशे वर्षांनंतरची गेटोची भिंत यांची गल्लत नेहमी होते. श्पायरची भिंत बाहेरच्यांना अडवायला होती, आतल्यांना कोंडायला नव्हती, आणि राहायला येणाऱ्यांच्या दृष्टीने ती सवलतच होती. जागा बिशपने काही रोख पैसे देऊन आणि काही अदलाबदलीने मिळवली होती. तिच्यापोटी ज्यूंनी वर्षाला श्पायरच्या नाण्यात साडेतीन पौंड द्यायचे. एका पौंडाचे २४० फेनिश, तेव्हा ८४० फेनिश. रक्कम घरागणिक लावलेली नाही, सगळ्या वस्तीवर मिळून आहे. कुणी किती भरायचं हे वस्तीनेच ठरवायचं. कर एकगठ्ठा आला की वाटणी करायला पंच लागतात, आणि पंच आले की त्यांची सभा आपोआप उभी राहते. ज्यूंच्या अंतर्गत कारभाराचं एक मूळ धर्मग्रंथांत आहे तसं दुसरं या एकगठ्ठा वसुलीत आहे.

दुसरं कलम व्यापाराचं: वस्तीत, बंदरापर्यंत, बंदरात आणि अख्ख्या शहरात सोनं-चांदी बदलावी, हवं ते विकावं, हवं ते घ्यावं. बाहेरगावचा ज्यू पाहुणा येऊन उतरला तर त्याला जकात माफ.

तिसरं कलम स्मशानाचं आणि माझ्या मते ते सगळ्यांत महत्त्वाचं. चर्चच्या मालकीच्या जमिनीतून दफनाची जागा दिली, तीही वंशपरंपरेने. ज्यू स्मशानातलं थडगं कायमचं असतं. जागा पुन्हा वापरायची नसते, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांच्या भाडेकराराने भागत नाही. ज्या गावात स्मशान नाही तिथून मयत दुसऱ्या गावी न्यावं लागे आणि वाटेतल्या नाक्यांवर त्यावरही जकात मागितली जाई. ऑस्ट्रियाच्या ड्यूकने १२४४ साली दिलेल्या सनदेत मृतदेहावर जकात घेऊ नये असं वेगळं कलम घालावं लागलं, यावरून काय चालत होतं ते कळतं. म्हणून एखाद्या शहरात ज्यू खरंच स्थिरावले होते की येऊन-जाऊन होते हे ठरवायचं असेल, तर सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आधी स्मशान शोधावं.

चौथं कलम न्यायाचं. शहराचा न्यायाधिकारी जसा नागरिकांचे तंटे सोडवतो तसे ज्यूंच्या प्रमुखाने ज्यूंचे आपसातले तंटे सोडवावेत, त्याला न जमलं तर प्रकरण बिशपकडे किंवा त्याच्या कारभाऱ्याकडे जावं. शहराचं न्यायासन मधे कुठेच येत नाही. आज ही सूट वाटते, पुढे तीच अडचण झाली: शहराच्या न्यायव्यवस्थेत आपला म्हणावा असा माणूसच तयार झाला नाही.

पाचवं कलम पहाऱ्याचं. रात्रीची गस्त, राखण आणि तटाची डागडुजी ज्यूंनी फक्त आपल्या वस्तीभोवती करायची, राखण मात्र बिशपच्या सेवकांच्या जोडीने. म्हणजे शहरासाठी हत्यार धरणं हे ज्यूंचं कर्तव्य होतं, फक्त त्याची हद्द आखून दिली होती.

शेवटची दोन कलमं घरगुती आहेत. ख्रिस्ती दाया आणि नोकर ठेवायला परवानगी, जी चर्चच्या कायद्याला सरळ सरळ धरून नाही, आणि ती देतोय खुद्द बिशप. आणि मांस: ज्यू नियमाप्रमाणे जे खाता येत नाही ते ख्रिश्चनांना विकावं. हे कलम किरकोळ वाटतं, पण हिशेब करून पाहा. जनावर कापल्यावर फुप्फुसं तपासतात. त्यात दोष निघाला तर अख्खं जनावर बाद. मागच्या भागातली शीर आणि चरबी काढणं किचकट, म्हणून तो भागही बहुधा बाजूला जाई. हे सगळं फेकून द्यायचं ठरलं तर उरलेल्या मांसाचा भाव कुणालाच परवडणार नाही. ख्रिस्ती गिऱ्हाईक होतं म्हणून ज्यू खाटकाचा धंदा चालत होता. व्हिएन्नाच्या १२६७ च्या चर्चसभेने ख्रिश्चनांनी ज्यूंकडून मांस घेऊ नये असा ठराव केला तेव्हा घाव नेमका इथे बसला. ठराव आणि त्याची अंमलबजावणी यांत अर्थात बरंच अंतर असे.

सहा वर्षांनी, १०९० साली, सम्राट चौथा हेन्री याने श्पायरच्या ज्यूंना आपल्या नावाने सनद दिली. त्यात प्रवासाची मोकळीक, त्यांच्या घरी सैनिक उतरवायला आणि त्यांचे घोडे वेठीला धरायला बंदी, आणि जबरदस्तीने बाप्तिस्मा देणाऱ्याला १२ पौंड सोन्याचा दंड आहे. कुणी स्वखुशीने बाप्तिस्मा मागितला तरी तीन दिवस थांबायचं, म्हणजे दबाव आहे का ते कळेल. तापलेलं लोखंड किंवा उकळतं पाणी यांची दिव्यं ज्यूंना लावायची नाहीत. ज्यू-ख्रिस्ती तंट्यात ज्याने त्याने आपापल्या कायद्याप्रमाणे पुरावा द्यायचा.

चोरीच्या मालाचं कलम पुढे फार गाजलं. ज्यूकडे चोरीची वस्तू सापडली आणि ती आपण विकत घेतली असं तो म्हणाला, तर किती पैसे दिले ते त्याने शपथेवर सांगायचं. मूळ मालकाने तेवढी रक्कम भरायची आणि वस्तू सोडवून न्यायची. गहाण आणि जुन्या मालाच्या धंद्यात ही तरतूद नसेल तर कुणी कशालाच हात लावणार नाही. पण ज्याची वस्तू चोरीला गेली त्या माणसाला आपलीच वस्तू पैसे मोजून परत घ्यावी लागे, आणि त्याचा राग चोरावर निघण्याऐवजी ज्यूवर निघे. धंद्याला लागणारी आणि शेजाऱ्याला खुपणारी, अशी ही सवलत होती.

कोलोनमध्ये घर घ्यायचं तर

कोलोनचं उदाहरण वेगळं ठेवतो, कारण तिथे कागद उरले आहेत. या शहरात सुमारे ११३० पासून पॅरिशवार, म्हणजे चर्चच्या प्रभागांनुसार, घर-जमिनीच्या व्यवहारांची दप्तरं ठेवत. नोंदी आधी चर्मपत्राच्या सुट्या मोठ्या पानांवर असत, नंतर वह्या आल्या, आणि हे सगळं पेटीत कुलपाखाली राही. आपल्याकडे फेरफार मंजूर होऊन सात-बाऱ्यावर नाव लागल्याशिवाय खरेदी पक्की वाटत नाही, तसंच तिथे होतं.

ज्यू वस्ती सेंट लॉरेन्सच्या पॅरिशमध्ये होती. या पॅरिशमध्ये ज्यूंच्या मालमत्तेची वेगळी वही होती. तिच्यातल्या नोंदी १२३५ ते १३४७ या काळातल्या आहेत आणि ती वही छापूनही निघाली आहे. व्यवहार साधारण असा होई. विकणारा आणि घेणारा आधी ज्यू पंचांपुढे जात. तिथे हिब्रूत खत तयार होई आणि त्यावर सह्या होत. मग तो कागद घेऊन पॅरिशच्या अधिकाऱ्यांपुढे उभं राहायचं. लेखनिक लॅटिनमध्ये नोंद घाले: हल्लीच्या आणि पुढच्या सर्वांस कळावे की, अमुक ज्यू आणि त्याची बायको तमुक यांनी... वगैरे. हिब्रू खताचे काही कागद लॅटिन पानाला चक्क दोऱ्याने शिवलेले आहेत. ख्रिस्ती दप्तरात उजवीकडून डावीकडे लिहिलेला कागद शिवून ठेवावा लागतो, कारण उद्या वाद झाला तर तोच पुरावा आहे. शहराच्या कारभारातल्या ज्यूंच्या वाट्याचा याहून बोलका नमुना मला माहीत नाही.

नोंदीत बायकोचं नाव का? ज्यू विवाहाच्या करारात नवरा बायकोला एक रक्कम बांधून देतो आणि तिचा बोजा त्याच्या मालमत्तेवर राहतो. बायकोने हक्क सोडल्याचं लिहून घेतलं नाही तर वीस वर्षांनी विधवा येऊन घरावर दावा सांगू शकते. म्हणून समजदार गिऱ्हाईक, ज्यू असो की ख्रिस्ती, नवरा-बायको दोघांना उभं करूनच पैसे मोजणार. दुसरी अडचण हिश्श्यांची. वारसाहक्काने घरं तुटत जात, आणि नोंदींत अख्ख्या घराच्या बरोबरीने घराचे तुकडेही विकलेले दिसतात: कुठे निम्मं, कुठे चौथाई, कुठे त्याहूनही कमी. एका छपराखाली तीन मालक झाले की जिना कुणाचा, पन्हळ कुणाची हे वाद आलेच. कोलोनच्या उत्खननात लीव्हरमान नावाच्या घराच्या तळघरात दगडात कोरलेला हिब्रू मजकूर सापडला आहे. कुणी तरी मोठं धर्मवचन कोरलं असेल असं वाटावं, तर मजकूर असा: ही ती खिडकी, जिच्यातून मैला बाहेर काढायचा. संडासाची टाकी कुठून उपसायची हे दगडात लिहून ठेवायची वेळ आली, यावरून शेजाऱ्याशी काय चाललं असेल त्याचा अंदाज बांधावा.

या वस्तीच्या मधोमधच शहराचं सभागृह होतं. ११४९ साली गाद्यांच्या खोळी विणणाऱ्यांच्या संघाला जी सनद मिळाली तिच्यात सभागृहाचा पत्ताच ‘ज्यूंच्या मध्ये असलेलं नागरिकांचं घर’ असा दिला आहे. सभेला निघालेला ख्रिस्ती सभासद रोज सिनेगॉगवरून जात होता. त्याच सभेत ज्यू मात्र अर्जदार किंवा पक्षकार म्हणूनच येऊ शके.

हत्यार, तट आणि वीट

तटाच्या कामात ज्यू होते हे आता पुरेसं सिद्ध आहे. वर्म्सला १२०१ साली वेढा पडला तेव्हा शब्बाथच्या दिवशी, म्हणजे कोणतंही काम वर्ज्य असलेल्या शनिवारी, ज्यूंनी हत्यार उचलावं का हा प्रश्न आला. वर्म्सचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, एलाझार यांनी परवानगी दिल्याची नोंद ठेवली आहे. कारण रोखठोक आहे: आपण शहरवासीयांच्या मदतीला गेलो नाही तर ते आपल्याला ठार मारतील. त्याला देशप्रेमाचा मुलामा देऊ नये. तरी एक गोष्ट त्यातून निघते: ज्यूंकडे हत्यारं होती, ती चालवायला येत होती, आणि शहर त्यांना धरून चाललं होतं.

ऑग्सबुर्गचा करार याहून तपशीलवार आहे. १२९८ साली फ्रांकोनिया या जर्मन प्रांतात रिंटफ्लाइश नावाच्या माणसाच्या टोळीने एकामागून एक गावांतल्या ज्यूंची कत्तल केली. ऑग्सबुर्गने आपल्या ज्यूंना हात लावू दिला नाही. त्याच वर्षी २३ ऑगस्टला तिथल्या ज्यूंनी लेखी कबूल केलं की आपल्या स्मशानाजवळून शहराच्या खंदकापर्यंतची तटबंदी आपण स्वखर्चाने चार वर्षांत बांधून देऊ. त्या कागदावर त्यांचा स्वतःचा शिक्का आहे: दोन तोंडांचा गरुड, वर ज्यूंची टोकदार टोपी, कडेने लॅटिन आणि हिब्रू अक्षरं. ज्या समूहाला स्वतःचा शिक्का आहे तो कायद्याच्या दृष्टीने करार करू शकणारा पक्ष ठरतो. गरुड साम्राज्याचा आणि टोपी आपली, ही जोडणीही विचारपूर्वक केलेली दिसते.

याच्या उलट दिशेने कायदा मात्र सरकत होता. ११०३ च्या शांततेच्या फर्मानात सम्राटाने पाद्री, स्त्रिया, व्यापारी आणि ज्यू यांना संरक्षणाखाली घेतलं. पुढे १३ व्या शतकातल्या सॅक्सन कायद्याच्या संग्रहात त्याला अट लागली: राजाच्या शांततेखाली असलेल्याने शस्त्र बाळगू नये, बाळगलं तर ते खास संरक्षण गेलं. मध्ययुगीन शहरात नागरिकाची ओळखच मुळी हत्यार आणि शपथ यांवरून होई. दरवर्षी शपथ घ्यायची आणि बोलावणं आलं की हत्यारानिशी हजर राहायचं. हत्यार न धरणारा माणूस हळूहळू राखला जाणारा होतो, आणि राखणदार बदलला की त्याचं काय होईल हे त्याच्या हातात राहत नाही.

कराचं ओझं आणि व्याजाचा दर

१०७४ साली चौथ्या हेन्रीने वर्म्सला जकातमाफी दिली तेव्हा सनदेत ‘ज्यू आणि बाकीचे वर्म्सकर’ असा उल्लेख आहे. फ्रँकफुर्ट, डॉर्टमुंड, गोसलार अशा सम्राटाच्या नाक्यांवर दोघांना सारखीच माफी होती. दीडेकशे वर्षांनी चित्र पालटलेलं दिसतं. १२४१ च्या शाही करयादीत ज्यूंची नोंद शहरापासून वेगळी आहे: स्ट्रासबुर्गच्या ज्यूंकडून २०० मार्क, वर्म्सच्या १३०, श्पायरच्या ८०. मधल्या काळात, १२३६ मध्ये, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने साम्राज्यातले सगळे ज्यू हे आपल्या खजिन्याचे सेवक असल्याचं जाहीर केलं होतं. त्यामागे संरक्षणाचा हेतू होता, परिणाम मात्र असा झाला की ज्यू ही खजिन्यातली एक बाब झाली. बाब गहाण टाकता येते, विकता येते, मेहुण्याला बक्षीस देता येते. १३४२ साली सम्राट बव्हेरियाच्या लुडविगने त्यावर डोईपट्टी चढवली: बारा वर्षांवरच्या आणि किमान २० गुल्डनची मालमत्ता असलेल्या प्रत्येक ज्यूकडून वर्षाला एक गुल्डन.

व्याजाचंही इथेच बघू. १२५४ साली ऱ्हाईनकाठच्या शहरांनी संघ केला आणि त्याच्या शांतता करारात गरीब, श्रीमंत, पाद्री, सामान्य जन आणि ज्यू या सगळ्यांना सामावून घेतलं. पुढच्याच वर्षी याच संघाने ज्यूंच्या व्याजाची मर्यादा ठरवली: आठवड्याच्या कर्जावर पौंडामागे २ फेनिश, वर्षाच्या कर्जावर पौंडामागे ४ औंस. हिशेब सोपा आहे. २ गुणिले ५२ म्हणजे १०४ फेनिश, भागिले २४०, म्हणजे सुमारे ४३ टक्के. ४ औंस म्हणजे ८० फेनिश, म्हणजे ३३ टक्क्यांवर थोडं. दर चढा आहेच. पण तो सावकाराने एकट्याने लादलेला नव्हता, शहरांनी बसून ठरवला होता, आणि त्यातला मोठा भाग करातून राजाकडे आणि बिशपकडे वाहत होता. कर्जदाराला समोर ज्यू दिसे, मागचा वसूल करणारा दिसत नसे.

सगळ्या वस्तीवर एक रक्कम बसवली की एखादा श्रीमंत राजाकडे जाऊन स्वतःपुरती सूट मिळवतो आणि त्याचा वाटा बाकीच्यांच्या डोक्यावर येतो. श्पायर, वर्म्स आणि माइन्त्स या तीन समाजांनी १२२० च्या सुमारास एकत्र बसून नियम केले, त्यांत अशी परस्पर करमाफी घ्यायला बंदी आहे. दुसऱ्या ज्यूला त्याच्या संमतीवाचून ख्रिस्ती न्यायालयात खेचायचं नाही, हेही त्यात आहे. वर्म्समध्ये बारा जणांचं मंडळ आणि त्याच्यावर एक प्रमुख असे. ख्रिस्ती लोक त्या प्रमुखाला ‘ज्यूंचा बिशप’ म्हणत. शहराचा सगळा व्यवहार याच माणसामार्फत चाले.

नगरसभेची दारं का बंद राहिली याला फार खोल उत्तर नाही. १२१५ च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममधल्या चर्चच्या मोठ्या सभेने, ज्यूंना सार्वजनिक अधिकारपदं द्यायला बंदी केली, पण त्याआधीही सभासदाची शपथ संतांच्या अवशेषांवर होत असे. कारागिरांचे संघ तर निम्मे धार्मिक मंडळच असत: त्यांचा संत, त्यांची वेदी, त्यांच्या मेणबत्त्या. ज्यूला तिथे शिरायचं म्हटलं तर धर्म दाराबाहेर ठेवूनच जावं लागणार. न्यायालयात मात्र त्याच्यासाठी वेगळी शपथ तयार केली होती. एर्फुर्टची १२०० च्या सुमारासची अशी शपथ जर्मन भाषेत आहे, आणि तिच्यात सिनाई पर्वतावर दिलेल्या धर्मशास्त्राला साक्ष ठेवलं आहे.

हमी कुठे तुटली

पहिला तडा १०९६ चा, पहिल्या धर्मयुद्धाच्या वाटेवरचा. ३ मे रोजी श्पायरमध्ये ११ ज्यू मारले गेले. बिशप योहानने बाकीच्यांना आपल्या आश्रयाखाली घेतलं आणि काही हल्लेखोरांचे हात तोडले. तिथे सनद टिकली, कारण धनी हजर होता आणि कारवाई करायची त्याची तयारी होती. माइन्त्समध्ये शहरवासीयांनी सरदार एमिखोच्या फौजेला वेस उघडून दिली, आर्चबिशपने पळ काढला, आणि हत्यार घेऊन दारात उभे राहिलेले ज्यू कापले गेले. तिथे धनीच जागेवर राहिला नाही.

१३४९ मध्ये, प्लेगच्या वर्षी, हेच गणित जास्त उघडं पडलं. ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची अफवा उठली होती. स्ट्रासबुर्गच्या नगरसभेने ज्यूंची बाजू धरली, पेटर श्वार्बर हा प्रमुख त्यात पुढे होता. कोलोनच्या सभेनेही जानेवारीत स्ट्रासबुर्गला पत्र पाठवून ज्यूंना हात लावू देऊ नका, नाहीतर दंगा आपल्यावरच उलटेल असं सावध केलं. फेब्रुवारीत स्ट्रासबुर्गच्या कारागीर संघांनी सभाच उलथवली, नवे लोक बसवले आणि १४ तारखेला ज्यूंना जाळलं. सभेत ज्यूंचा एकही माणूस नसणं आता नडलं: त्यांचा बचाव दोन-चार सभासदांच्या भलेपणावर होता, आणि सभासद बदलले.

कोलोनमध्ये आर्चबिशप वालराम १४ ऑगस्टला वारला आणि गादी रिकामी झाली. ज्यू वस्तीवर हल्ला झाला तो २३ ऑगस्टच्या रात्री. न्युर्नबर्गमध्ये तर आधीच वाटप झालं होतं. राजा चौथ्या कार्लने जूनमध्ये ब्रांडेनबुर्गचा सरदार लुडविग याला ज्यूंची तीन उत्तम घरं देऊ केली, तिथले ज्यू ‘यापुढे मारले जातील तेव्हा’ असं लिहून. नोव्हेंबरमध्ये शहराला ज्यू वस्ती पाडून चौक करायची परवानगी मिळाली आणि ५ डिसेंबरला ५६२ माणसं मारली गेली. आज जिथे ख्रिसमसचा बाजार भरतो तो मुख्य चौक त्याच जागेवर आहे. फ्रँकफुर्टचे ज्यू कार्लने जूनमध्येच शहराला १५,२०० पौंड हेलरला गहाण टाकले होते, ते मारले गेले तर मालमत्ता शहराची अशा अटीसह. महिनाभरात ते मारले गेले. ज्याच्या हातात हमी होती त्याला हमी मोडण्यातच फायदा दिसला, तेव्हा सनदेतलं कुठलंच कलम कामी आलं नाही.

त्यानंतर ज्यूंना परत बोलावलं गेलं, कारण कर आणि कर्ज दोन्हींची चणचण भासू लागली. श्पायर आणि वर्म्स काही वर्षांतच, फ्रँकफुर्ट १३६० मध्ये, कोलोन १३७२ मध्ये. पण करार बदलला होता. र्‍युडिगरच्या सनदेत वंशपरंपरेने असा शब्द होता. कोलोनने मुदत घातली: दहा वर्षं. मुदत संपली की फी भरून नवा परवाना, आणि दर वेळी अटी नव्याने. मुदत असलेल्या परवान्यावर कुणी मोठी इमारत बांधत नाही, कर्जं लांब मुदतीची देत नाही, आणि मुलाचं लग्न ठरवताना दुसऱ्या शहरातली सोयरीक बघून ठेवतो. १४२४ मध्ये कोलोनच्या सभेने परवाना पुढे वाढवला नाही. कत्तल झाली नाही, दंगा झाला नाही, मुदत संपली एवढंच. सिनेगॉग नगरसभेने ताब्यात घेतला आणि १४२६ पासून तिथे सभेचं स्वतःचं प्रार्थनागृह सुरू झालं. ज्यूंना कोलोनमध्ये पुन्हा राहायला मिळालं ते १७९८ मध्ये, फ्रेंच राजवटीत.